सात पाइप, गोळीबार चौक

साहेब गेल्यावर बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला,
आत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले सात पाइप.
म्हणाल्या, किंमत काढून आणा,
त्यांचं अक्षर न् अक्षर तुम्हालाच कळायचं.

मे महिना. गोळीबार चौकामागच्या गल्लीत
पुंडलिक बारापात्रे बादलीत पाय सोडून बसलेला.
हा आधी मागांच्या कांड्या कातायचा.
माग बसले, खराद बसला नाही.
सिव्हिल लाइन्समधले तुटके पाइप कुणीतरी आणून टाकले
आणि विदर्भात कुठेच न उगवणाऱ्या झाडाचं मूळ
याच्या बोटांच्या ओळखीचं झालं.

सगळ्यात देखणा मी मुद्दाम वर ठेवला होता.
लग्नातल्या पाटासारखा लाल, दांड्याला पितळी कडं.
त्यानं नखानं खरवडला.
"इथं पुट्टी हाय. इथं बी.
मूळ वाढते तवा खडे गिळते, बापू.
खडा निघाला का खड्डा. भरला, वार्निशात बुडवला, झाला माल तयार.
गरम झाला का फोड येते अंगावर.
लाकडाले घामच येऊ देत नाई हे लोक."

दुसऱ्यात तार घातली. अडली.
भोक वाटीच्या बुडाशी उघडायला हवं, हे दोन सूत वर.
बुडातली तंबाखू ओलीच राहते,
पाइप गुरगुरतो, विझतो.

विझतो, हे मला कशाला सांगायला हवं?
एकोणीस वर्षं मी साहेबांचं डिक्टेशन घेतलं.
हा तोंडात असला की दर परिच्छेदाला तीन काड्या.
प, ब, म त्या जाड नळीमागे चेपून यायचे,
पण काडी पेटेपर्यंत
मी पेन्सिल बदलायचो, सुटलेला 'परंतु' भरायचो,
मनगट टेबलावर पालथं टाकायचो.

मोठ्या निकालांना साहेब वेगळा पाइप काढत.
तो विझायचा नाही.
चाळीस मिनिटं एका संथ धुरात
सबब, तथापि, उपरोक्त,
आणि माझा अंगठा आतून जळत जायचा.

तो फ्लॅनेलमधून सहावा निघाला. निस्तेज, मळकट.
बारापात्रेनं आधी हात पुसले.
रेषा बुडापासून काठापर्यंत, एकही न मोडता,
बुडाशी त्याच रेषांची टोकं, खसखशीएवढी.
"बाप ताना लावे तवा अशी सुतं दिसे," म्हणाला.
तार सुळकन गेली, नेमकी तळाच्या मधोमध निघाली.
नळी इतकी पातळ की दातांना काही कामच नाही.
"असं लाकूड वर्षानुवर्षं नुसतं ठेवून देतेत.
काही करत नाईत. वाट पायतेत. त्याचे पैसे हायेत."

मग सवयीनं त्यानं जोड उजेडाकडे धरला.
दांडा आणि नळीच्या मध्ये
उजेडाची एक रेघ. केसाएवढी.

तो बराच वेळ बघत राहिला.

"ही नळी माही हाय," म्हणाला.
"अठ्ठ्याऐंशी साली तुटून आली होती. म्या कातली.
तवा चष्मा लागला होता, घेतला नव्हता."

किंमत? बाईंना काय सांगू?
"आधी हे मिटू द्या. लाइन आली का बसतो.
चार दिवसानं या. पैशाचं बोलू नका."
पाइप त्यानं माझ्याकडे परत दिलाच नाही,
खिशातही ठेवला नाही,
खरादीजवळच्या भुशावर आडवा केला, निजलेलं मूल ठेवावं तसा.
बाकीचे मोजले. फुकट बी कोनी नेनार नाई.

बाईंच्या हिशेबात मी पाच परत लिहिले,
एक दुरुस्तीला.
सातव्याची नोंद केली नाही.

मी कधी ओढलेलं नाही. रात्री, कूलर बंद करून,
तो जाड नळीचा पाइप नुसता दातांत धरला
आणि श्वास घेतला.
जुनी तंबाखू आत कुठेतरी गुरगुरली.
माझा उजवा हात
न सांगता उठला,
टेबलावर जाऊन पालथा पडला.